द्वेषाच्या कॉमेंटना लेबल लावताना

पहिल्या दिवशी मला हे काम सोपं वाटलं होतं. भाषाशास्त्र शिकलेय, मराठी जन्मापासूनची, शिवी कळते, टोमणा कळतो, मग दोन समाज एकमेकांविरुद्ध जे लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक ओळीसमोर एक लेबल टाकायचं, एवढंच तर आहे. एका संशोधन गटाला द्वेषाच्या भाषेवर अभ्यास करायचा होता, त्यांना मराठी बोलणारे अ‍ॅनोटेटर हवे होते, म्हणजे लेबल लावणारी माणसं, आणि मी लगेच हो म्हटलं. पुढचे बरेच महिने ती एक्सेलची फाईल माझ्यासमोर उघडी होती.

समाजांची नावं मी इथे घेणार नाहीये. फाईलमध्ये सगळीच होती, जातीची, धर्माची, प्रांताची, भाषेची, पण नाव बदललं तरी वाक्य तेच राहतं हे इतक्या वेळा बघितलंय की नावं सांगून काही जास्त कळेल असं मला वाटत नाही. एका समाजाबद्दल लिहिलेली ओळ उचलून दुसऱ्याच्या नावाने तशीच्या तशी चिकटवलेली कितीदा तरी सापडली, कधीकधी तर शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

सुरुवातीला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. गाईडलाईन होती, त्यात पाच लेबलं: काहीच नाही, अपमान, माणूसपण नाकारणं, हिंसेला चिथावणी, आणि पाचवं म्हणजे दुसऱ्याचा द्वेष सांगणं किंवा त्याला विरोध करणं. प्रत्येक कॉमेंट दोघांनी वेगवेगळी बघायची, एकमेकांशी बोलायचं नाही, आणि शेवटी दोघांची लेबलं जुळतात का ते बघायचं. माझ्यासोबत जी दुसरी होती ती माझ्याच वयाची, भाषाशास्त्राचीच, फरक एवढाच की फाईलमधल्या बऱ्याच कॉमेंट ज्या समाजाविरुद्ध होत्या त्यातली ती होती. हा फरक किती मोठा आहे हे मला पहिल्या दिवशी अजिबात कळलं नव्हतं.

पहिली फेरी संपली, संशोधन गटातल्या आमच्या मॅडमनी आकडा काढला आणि आमचा कप्पा फारच कमी आला. कप्पा म्हणजे दोन माणसांचं एकमत मोजायची पद्धत, कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलेली. मी म्हटलं, अहो मॅडम पण बहुतेक ओळींवर आमचं जुळतंय की! मग त्यांनी कागदावर गणित मांडून दाखवलं, ते सांगतेच कारण इथे खूप जण फसतात. समजा १०० कॉमेंट आहेत आणि दोघींनीही ९० ला स्वच्छ म्हटलं, १० ला द्वेष. दोघींचं ८८ वर जुळलं. ऐकायला ८८ टक्के भारी वाटतं, पण बहुतेक कॉमेंट स्वच्छच असल्यामुळे डोळे मिटून त्याच प्रमाणात लेबलं वाटली असती तरी ८२ ठिकाणी आपोआप जुळलं असतं. म्हणजे वरची कमाई फक्त ६ ची, जास्तीत जास्त होऊ शकली असती १८ ची, म्हणून कप्पा ०.३३. आणि ह्याचा साधा अर्थ असा की मी ज्या १० ओळींना द्वेष म्हटलं त्यातल्या फक्त ४ तिनेही धरल्या. माझ्या ६ वेगळ्या, तिच्या ६ वेगळ्या. दोघींना तीच भाषा येते, दोघींनी तीच गाईडलाईन वाचलीये, आणि तरीही.

मग मतभेदांच्या बैठका सुरू झाल्या, दर आठवड्याला. जिथे जुळलं नाही ती ओळ स्क्रीनवर लावायची आणि प्रत्येकीने कारण सांगायचं. मला ह्या कामातलं खरं जे काही शिकायला मिळालं ते ह्या बैठकांमध्ये, एकटीने लेबलं लावताना नाही.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे की मी शिव्या शोधत होते. च्यायला, मायला असं काही दिसलं की माझा हात अपमानाच्या लेबलकडे जायचा. आणि ती म्हणायची, अगं हे दोन मित्र बोलतायत, गावाकडची बोली आहे, ह्यात कोण कुणाचा द्वेष करतंय? बरोबर होतं तिचं. इंग्रजीत ह्यावर २०१९ साली अभ्यास झालाय, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीतल्या ट्वीटना यंत्रं, म्हणजे अशा लेबलांवरून शिकून पोस्ट आपोआप तपासणारे प्रोग्रॅम, जवळपास दुप्पट वेळा आक्षेपार्ह ठरवत होती, कारण लेबल लावणाऱ्यांनीच तसं शिकवलं होतं, आणि लेबल लावणाऱ्यांना आधी बोलीची आठवण करून दिली की ती लेबलं कमी होत होती. मी मराठीत अगदी तेच करत होते. शहरी प्रमाण भाषेत छान व्याकरणशुद्ध लिहिलेलं विष माझ्या हातून सुटत होतं आणि बोलीतला जिव्हाळा पकडला जात होता.

उदाहरण देते. एक ओळ होती, एकही वाईट शब्द नाही: ‘आपण शांत बसतो म्हणून हे वाढतात, आता आपणच काय ते बघायला हवं.’ मी ‘काहीच नाही’ लावलं होतं. तिने ‘चिथावणी’. बैठकीत मॅडमनी विचारलं, ह्या वाक्यात ‘आपण’च्या जागी ‘आम्ही’ टाका, काय होतं? टाकून बघितलं आणि वाक्यातला जोरच गेला. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत ओढला जातो, त्याला न विचारता. जगातल्या अनेक भाषांमध्ये हा भेद नाहीये, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे आहे, आणि द्वेष लिहिणारा तो बरोब्बर वापरतो, त्याने कुठलं भाषाशास्त्र शिकलेलं नसतं पण त्याला माहीत असतं की ‘आपण’ लिहिलं की वाचणारा अर्धा सामील झालाच. आणि ‘हे’ कोण? नाव नाही, आगापिछा नाही. नाव नसलं की कुठली यादी पकडणार, कुठलं यंत्र पकडणार? पण खालच्या प्रत्येक कॉमेंटवाल्याला ‘हे’ कोण ते बरोबर कळलेलं होतं.

त्यानंतर मी व्याकरण बघायला लागले. शब्द बाजूला ठेवून आधी सर्वनाम, मग क्रियापद, मग ते छोटे छोटे चिकटणारे प्रत्यय. ‘च’ बघा ना. ‘हे असे आहेत’ आणि ‘हे असेच आहेत’ ह्यात एका अक्षराने दार बंद होतं, पहिल्यात निदान वाद घालता येतो. लिंगाचंही तसंच. चांगला वाढलेला माणूस, त्याच्याबद्दल लिहिलंय, ‘ते बघा कसं बोलतंय, एक आलंय तिकडून.’ नपुंसकलिंग. घरातल्या लहान लेकराला आपण हेच लिंग मायेने वापरतो, ते झोपलंय, ते रडतंय, आणि तेच मोठ्या परक्या माणसाला लावलं की त्याचा माणूस राहत नाही, वस्तू होते. पिल्लू म्हणजे लाड, पिल्लावळ म्हणजे त्यांची मुलं. जन्म आपल्याकडे, पैदास त्यांच्याकडे. गर्दी आपली, वळवळ त्यांची. मी एक वेगळी वही केली होती ह्या जोड्यांची आणि ती भरत गेली.

क्रियापदांचं तर सगळ्यात जास्त. एका मुलाने दगड मारला अशी बातमी. तो आपला असेल तर कॉमेंट येते ‘त्याने दगड मारला, चूकच केली’. परका असेल तर ‘हे लोक दगडच मारतात’, आणि चार कॉमेंट खाली ‘मुळातच हिंसक जमात’. तीच घटना आधी एका दिवसाची असते, मग सवय होते, मग स्वभाव होतो. चांगलं काम असेल तर नेमकं उलटं, आपल्याने मदत केली की ‘आपण आहोतच मदतीला धावणारे’ आणि त्यांच्यातल्याने केली की ‘हो, त्या दिवशी त्याने पाणी दिलं’, बस, घटनेच्या पुढे जायचंच नाही. नंतर कळलं की ह्याला नावसुद्धा आहे, आंतरगटीय भाषिक पूर्वग्रह म्हणता येईल, आणि १९८९ साली इटलीत अ‍ॅन मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाखवून दिला होता, तेही घोड्यांच्या शर्यतीत एकमेकांविरुद्ध उतरणाऱ्या मोहल्ल्यांच्या लोकांना आपल्या आणि परक्या मोहल्ल्याची चित्रं दाखवून. शर्यतीच्या चुरशीतसुद्धा हे होतं. मग जिथे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर आहे तिथे काय होत असेल.

मधल्या काळात मॅडमनी आम्हाला रवांडाबद्दल वाचायला लावलं. मला तोपर्यंत एवढंच माहीत होतं की १९९४ साली तिथे साधारण शंभर दिवसांत तुत्सी समाजाचे लाखो लोक मारले गेले आणि त्याआधी काही महिने, १९९३ च्या जुलैपासून, आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन तुत्सींविरुद्ध विष ओतत होतं. पण भाषेच्या बाजूने बघितलं तर अंगावर काटा येतो. तुत्सींना तिथे ‘इन्येंझी’ म्हणत, म्हणजे झुरळ. आता हा शब्द १९६० च्या दशकात देशाबाहेर हाकललेल्या आणि रात्री हल्ले करणाऱ्या तुत्सी लढवय्यांसाठी चालायचा. तीस वर्षांनी तोच शब्द शेजारच्या घरातल्या बाईला आणि तिच्या मुलांना लागू झाला. शब्द तोच, फक्त तो कुणाकुणाला लागू होतो ते वाढत गेलं. आणि मारण्याला शब्द काय, तर ‘काम’. कामाला लागा. ह्यात कुठली शिवी आहे? आमच्या गाईडलाईनने त्या वाक्याला काय लेबल लावलं असतं, ‘काहीच नाही’.

तुत्सींच्या संहाराबद्दलचे खटले अरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात चालले. त्यातल्या अकायेसू खटल्याचा निकाल २ सप्टेंबर १९९८ ला लागला, वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला तो पहिला माणूस. त्या निकालपत्रात शब्दांवरच एक भाग आहे. रवांडाच्या किन्यारवांडा भाषेतले इन्येंझी, इन्कोतान्यी (हाही तुत्सी बंडखोरांसाठीचा शब्द) असे शब्द त्या काळात, त्या प्रसंगी, ऐकणाऱ्याला काय सांगत होते हे ठरवायला न्यायाधीशांना भाषातज्ज्ञाची साक्ष घ्यावी लागली. मी ते वाचलं त्या दिवशी बराच वेळ फाईल उघडलीच नाही. आपण जे करतोय, सर्वनामं मोजणं, ‘च’ बघणं, ते मला मनात कुठेतरी चिल्लर काम वाटायला लागलं होतं, सगळ्या जगात एवढं चाललंय आणि आपण एक्सेलमध्ये बसून काय करतोय असं. ते वाटणं त्या दिवसापासून बंद झालं.

उलटं उदाहरणही आहे, ते म्यानमारचं. तिथे ‘कला’ हा शब्द मुस्लिमांविरुद्ध आणि भारतीय वंशाच्या लोकांविरुद्ध अपमान म्हणून वापरला जातो, म्हणून २०१७ साली फेसबुकने तो असलेल्या पोस्ट काढायला सुरुवात केली. पण बर्मी भाषेत हीच अक्षरं खुर्चीच्या शब्दात आहेत, उंटाच्या शब्दात आहेत, एका डाळीच्या नावात आहेत. आणि ह्या शब्दाने अपमान करणाऱ्यांना विरोध करणारे, तो शब्द उदाहरण म्हणून लिहिणारे, त्यांच्याही पोस्ट गेल्या. शब्दांची यादी करून द्वेष थांबवता येत नाही हे इतकं सरळ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

ह्यावरून माझी चूक आठवते, ती सांगायलाच हवी. रात्री उशीर झाला होता, त्या आठवड्याच्या ओळी संपवायच्या होत्या, खरं तर सलग एक तासापेक्षा जास्त बसायचं नाही असं आम्हाला बजावलेलं होतं पण मी तीन तास बसले होते. एक कॉमेंट आली: ‘आम्ही म्हणे कीड. आमच्या पोरांना म्हणे वर्गात बसवू नये. कुठं जायचं आम्ही.’ मी कीड बघितलं, पोरांना वर्गात बसवू नये बघितलं, आणि ‘माणूसपण नाकारणं’ असं लेबल लावून पुढे गेले. ‘म्हणे’ माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. दोन वेळा आलेलं ‘म्हणे’. एवढ्या एका शब्दात तो माणूस सांगत होता की हे मी बोलत नाहीये, हे मला बोललं गेलंय, आणि मला ते मान्य नाही. अवतरणचिन्ह नाही, ‘ते लोक म्हणाले’ असं काही नाही, फक्त ‘म्हणे’. बैठकीत ती ओळ स्क्रीनवर आली तेव्हा माझी सहकारी काहीच बोलली नाही, तिने फक्त वाक्य मोठ्याने वाचलं, ‘म्हणे’वर थांबत थांबत. ज्याने मार खाल्ला त्यालाच मी मारणारा ठरवलं होतं. आणि अशाच फायली पुढे यंत्राला शिकवायला जातात, मराठीतही आता असे डेटासेट आहेत, २०२२ चा महाहेट २५ हजारांहून जास्त ट्वीटचा आहे. माझं ते लेबल तसंच राहिलं असतं तर उद्या अशी तक्रार लिहिणाऱ्या माणसाची पोस्ट गायब झाली असती आणि त्याला कधीच कळलं नसतं का.

त्या रात्रीनंतर मी दोन गोष्टी ठरवल्या आणि पाळल्या. एक तर तासाच्या वर बसायचं नाही. थकवा हा ह्या कामात नुसता त्रास नाहीये, तो डेटात उतरतो. रोज रोज हे वाचून डोकं कसं बधिर होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही, पहिल्या आठवड्यात ज्या ओळीने झोप उडाली होती ती दोन महिन्यांनी ‘अरे हे तर साधंच’ वाटायला लागते, आणि मग लेबलही साधंच लागतं. मॅडम मुद्दाम जुन्या ओळी परत आमच्यापुढे टाकायच्या, न सांगता. माझीच दोन महिन्यांपूर्वीची लेबलं आणि आताची जुळत नव्हती. शब्द तेच होते, घट्ट मी झाले होते. दुसरं म्हणजे प्रत्येक ओळ आधी ओठांनी वाचायची, मनात नाही. मराठी कॉमेंट ही बोललेलीच असते, टाईप केलेली असली तरी, आणि तिचा सूर ऐकल्याशिवाय ‘म्हणे’ सापडत नाही.

तिसऱ्या फेरीआधी गाईडलाईन बदलली. त्यात २०१२ च्या राबात कृती आराखड्यातले सहा प्रश्न आले, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ज्यासाठी पुढाकार घेतला होता तो आराखडा: परिस्थिती काय, बोलणारा कोण आणि त्याचं वजन किती, हेतू काय, काय बोलला आणि कसं, किती लोकांपर्यंत गेलं, आणि त्यातून खरंच काही घडण्याची शक्यता किती. ते प्रश्न खरं म्हणजे गुन्हा ठरवण्यासाठी आहेत, लेबलासाठी नाहीत, आणि आम्हाला तर बोलणारा कोण हे बहुतेक वेळा माहीतही नसायचं. तरी फायदा झाला. निदान प्रत्येक ओळीसोबत ती कुठल्या बातमीखाली आली आणि तिच्या वरच्या दोन ओळी काय होत्या हे द्यायला लागले. ‘ह्यांचं काय करायचं ते सगळ्यांना माहितीये’ हे वाक्य क्रिकेटच्या हरलेल्या मॅचखाली वेगळं आणि दंगलीच्या बातमीखाली वेगळं, हे आता फाईलमध्ये दिसत होतं. कप्पा वाढला, चांगलाच वाढला.

पण काही ओळी शेवटपर्यंत जुळल्या नाहीत, आणि त्यातली एक मला कायम आठवते. कुणीतरी एका मुलीच्या फोटोखाली लिहिलं होतं, ‘तू त्यांच्यातली वाटत नाहीस.’ पुढे हसरा चेहरा. मी पहिल्या फेरीत ‘काहीच नाही’ लावलं, तिसऱ्या फेरीतही तेच. कौतुक आहे, लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही दिसत नाही. तिने दोन्ही वेळा ‘अपमान’ लावलं. मी तिला म्हटलं, अगं ह्यात त्या मुलीचा अपमान कुठेय? ती म्हणाली, तिचा नाहीये, तिच्या आईचा आहे, तिच्या सगळ्या घराचा आहे. वाटत नाहीस म्हणजे काय वाटायला हवं होतं ते आधी ठरलेलं आहे ना, आणि ती सगळी घाण ‘त्यांच्यातली’ ह्या एका शब्दात आहे, ते सांगायचीसुद्धा गरज पडली नाही. मला हे वाक्य शाळेपासून किती जणींनी म्हटलंय, ती म्हणाली, आणि मी दरवेळी थँक्यू म्हटलंय.

मी तिला काहीच उत्तर दिलं नाही त्यावर. गाईडलाईनप्रमाणे माझं लेबल चूक नव्हतं, तिचंही नव्हतं. आधीच्या पद्धतीत तिसऱ्या माणसाचं मत घेऊन बहुमताने एक लेबल कायम करायचं असं होतं, आणि तो तिसरा बहुतेक माझ्यासारखाच निघाला असता, तिचं मत २ विरुद्ध १ ने पुसलं गेलं असतं आणि फाईल वाचणाऱ्याला ते होतं हेसुद्धा कळलं नसतं. त्यामुळे मी बैठकीत मागणी केली की बहुमत नको, दोघींचे रकाने वेगवेगळे ठेवा, आणि कुठला अ‍ॅनोटेटर त्या समाजातला आहे हे नाव न देता नोंदवा. मॅडम तयार झाल्या, थोडी चर्चा झाली, आकडेवारी करणाऱ्या सरांना दोन रकाने म्हणजे डोकेदुखी होती कारण यंत्राला एकच उत्तर लागतं, पण शेवटी तेही मानले.

फाईल गेली तेव्हा त्या ओळीपुढे दोन लेबलं होती, माझं ‘काहीच नाही’ आणि तिचं ‘अपमान’. शेरा लिहायची जागा होती तिथे मी तिचं वाक्य तिला विचारून जसंच्या तसं टाकलं, थँक्यूसकट.